तुरीतलं औषधी पीक

वस्तीवरून, ता. कर्जत
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

चि. हर्षल यास,
गोरक्षदादाचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहोत. आईचे गुडघे थंडीत धरतात, पण उन्हाला बसलं की मोकळे होतात. तुझी वहिनी बरी आहे. कारखाना जोरात चालू आहे. या आठवड्यात मला काट्यावर दुसरी पाळी आहे, म्हणून सकाळचा वेळ मिळाला. विहिरीकडच्या तुकड्यातली ज्वारी हुरड्याला आली आहे. या वर्षी आम्ही हुरडा भाजला नाही. मागच्या वर्षीही नाही.

तुझे फोन आले. फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करतो. ठेवल्यावर तुला वाटतं दादा हो म्हणाला. म्हणून पत्र लिहायला घेतलं. मला लिहायची सवय नाही. काट्यावर ट्रॉलीचा नंबर आणि वजन लिहितो तेवढंच. कुठं मागेपुढे झालं तर समजून घे.

अण्णांचं वर्षश्राद्ध माघ शुद्ध अष्टमीला आहे. साधंच करायचं ठरवलं आहे. सकाळी पूजा, मग प्रवचन, मग जेवणं. दारात छोटा मांडव घालू. गावातली किती माणसं येतील सांगता येत नाही. आता आपल्या वस्तीला लोक गांजावाल्यांची वस्ती म्हणतात. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा फोनवर "गांजावाल्यांपाशी आलोय" असं सांगतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पत्ता पटकन कळतो म्हणून म्हणतो.

तुला अण्णांचा मोठा फोटो हवा आहे, तुझ्या संस्थेच्या पुण्यातल्या कार्यक्रमात स्टेजवर लावायला. तो फोटो कुठून आला हे तुला माहीत नसेल. अण्णांचा एकट्याचा चांगला फोटो आपल्याकडे नव्हता. शेवटी दिशाने तिच्या मोबाईलमधला दिला. दिशा म्हणजे शेजारच्या वस्तीवरची, कॉलेजला जाते ती. ई-पीक पाहणीच्या ॲपवर पिकाची सरकारी नोंद करताना तिनंच तो काढला होता. अण्णा धुतलेली टोपी घालून त्या झाडांशेजारी उभे आहेत. तिनं झाडं कापून फक्त अण्णा ठेवले. तरी डाव्या खांद्यापाशी एक पान राहिलंच. हार घातला की झाकतं. आई रोज फुलं वाहताना तिथंच एक फूल जास्त लावते.

तुझं भाषणही दिशानंच दाखवलं. दिवाळीनंतरची गोष्ट. ती धावत आली, म्हणाली, "काका, हर्षलदादा किती छान बोलतोय बघा, खूप लोकांनी बघितलंय." आई म्हणाली, "मलाबी दाव." आम्ही ओट्यावर बसून पाहिलं. तू अंगानं भरला आहेस. आईला बरं वाटलं.

तू गांजाचा कायदा बदलला पाहिजे असं बोलत होतास. जगात कुठं कुठं बदलला, आपल्याकडे महाशिवरात्रीला भांग कशी चालते, आणि गरीब माणूस कसा आत जातो. पुढं म्हणालास, "आमच्या भागातले, माझ्या ओळखीतले एक वयस्क शेतकरी होते. त्यांना कुठूनतरी बी मिळालं. आणि या भाबड्या माणसानं काय करावं? गांजाची ई-पीक पाहणी केली! सरकारी ॲपवर, स्वतःच्या फोटोसकट!"

सगळा हॉल हसला. तू पण हसलास. मग पाणी प्यालास.

आईनं विचारलं, "लोकं का हसत्यात रं?"

 दिशानं पटकन मोबाईल बंद केला. म्हणाली, "नेटवर्क गेलं, आजी." पोर शहाणी आहे.

पाळी संपवून आल्यावर मी ते भाषण माझ्या मोबाईलवर शेवटपर्यंत पाहिलं. नंतरही पाहिलं. तू सांगितलंस ते आणि घडलं ते यात फरक आहे. तू काही ठिकाणी हजर होतास आणि काही ठिकाणी नव्हतास, म्हणून घडलं तसं लिहितो.

बी कुठूनतरी मिळालं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तू मित्रांना हुरड्याला घेऊन आला होतास. आगटीपाशी तुझ्या एका मित्रानं सिगारेट पेटवली. अण्णा म्हणाले, "ह्यो वास वळखीचा हाय. नाथाच्या जत्रंला साधू वढायचे." सगळे हसले. तो मित्र म्हणाला, "अंकल, तुम्ही पण घ्या ना." अण्णा म्हणाले, "मी सुपारीबी खात न्हाई बाबा. दात थोडंच राह्यलंत, ती हुरड्याला लागत्यात." तेव्हा मी पण हसलो होतो. त्या दिवसाचा मला राग नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये तू बियाची पुडी घेऊन आलास. म्हणालास, ही नशेची जात नाही, हिचं तेल निघतं, कापड होतं, औषध होतं. उत्तराखंडात शेतकऱ्याला परवाना मिळतो, आपल्याकडेही कायदा येतोय, आधी लावील तो पुढं जाईल. अण्णांनी तुला एकच विचारलं. "परवाना लागंल ना?" तू म्हणालास, "अर्ज केलाय अण्णा, येईल." मी बैलांना पाणी दाखवत होतो, मी ऐकलं. आईनं ती पुडी जोंधळ्याच्या कणगीवर ठेवली आणि पाऊस झाल्यावर अण्णांनी तुरीच्या मधल्या दोन ओळींत टोकली.

पुढं अण्णांनी त्या झाडांचं जे केलं ते त्यांनी कुठल्याच पिकाचं केलं नव्हतं. तुरीला नसलेलं ठिबक त्यांना दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "औषधी पीक हाय. सरकार परवाना देनार हाय." तुझं नाव सांगायचे नाहीत, पण कुणी शिकवलं असं विचारलं की नुसते हसायचे. ॲपची नोंद त्यातूनच झाली. दिशा म्हणाली, "आजोबा, यादीत हे नाव नाही." अण्णा म्हणाले, "मग औषधी वनस्पती लिव. जे हाय ते लिवायचं. उद्या गारा पडल्या तर पंचनाम्याला पीक दिसाय पायजे."

हर्षल, ही गोष्ट हसण्यासारखी आहे हे मलाही कळतं. पण परवाना येणार आहे असं ज्याला घरच्या माणसानं सांगितलं, तो दुसरं काय करील? लपवायचं असतं तर लपवलं असतं. शेजारीच डोक्याएवढा ऊस होता, त्यात लावलं असतं.

पोलिसांना कुणी सांगितलं हे आजवर कळलं नाही. मी शोधलंही नाही. रात्री परतीचा पाऊस पडून गेला होता आणि सकाळी गाड्या आल्या. अण्णा त्यांना म्हणाले, "सायेब, बूट काढून या, चिखुल लई हाय." त्यांना वाटलं पीक बघायला साहेब आले. वहिनीला चहा टाकायला सांगितला. ॲपवर नोंद केली आहे हेही त्यांनी आपणहून सांगितलं. साहेब एकमेकांकडं बघायला लागले.

झाडं मुळासकट उपटली. आपली काळी माती, रात्रीचा पाऊस. एकेका बुंध्याला चिखलाचा गोळा. कांद्याच्या व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा मागवला आणि सगळं तसंच ओलं वर ठेवलं. माझा जन्म काट्यावर गेला. ट्रॉलीत माती दिसली, उसाच्या शेंड्याचं वाढं दिसलं, तर आम्ही वजनात कपात धरतो. ते बघून मला राहवेना. मी म्हणालो, "साहेब, माती तरी झटकून मोजा." साहेब म्हणाले, "हा काय तुझा कारखाना आहे का? एवढी काळजी होती तर लावायचं नव्हतं." बाकीचे हसले. अण्णा मला म्हणाले, "गप रे. माती आपलीच हाय." वजन वीस किलोच्या थोडं वर भरलं. पंच म्हणून गावातले दोघं होते, त्यांनी खाली मान घालून सह्या केल्या.

त्या वजनाचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही. कोर्टात कळला. वीसच्या वर गेलं की व्यापारासाठी लावलं असं धरतात आणि जामीन मिळणं जवळपास अशक्य होतं. आपले वकील वाटण्यांचे आणि बांधाचे दावे चालवतात. त्यांनी अण्णांचं वय सांगितलं, आजारपण सांगितलं. अर्ज फेटाळला.

तुला मी त्याच दिवशी फोन केला होता. तू म्हणालास, "दादा, मी आलो तर मलाही उचलतील. मग बाहेरून कोण लढणार? मी मुंबईचे मोठे वकील बघतो." आम्ही त्या वकिलांची वाट पाहिली. आई तर त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेव म्हणाली होती.

जेलमध्ये भेटीला मी जायचो. जाळीच्या पलीकडं अण्णा लहान दिसायचे. दर वेळी आधी विचारायचे, तूर काढली का, आईचे गुडघे कसे आहेत. मग म्हणायचे, "ॲपवर नोंद हाय, ती सायेबाला दावली का?" मी म्हणायचो, दाखवली. एकदा मी म्हणालो की अण्णा, आपण खरं सांगू, बी कुणी दिलं ते सांगू. तेव्हा ते चिडले. त्यांना तसं चिडलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. "हर्षल्याचं नाव घ्याचं न्हाई. त्याचं समदं फुडं हाय. माझं काय, झालं आता."  तुझं नाव कुठंही आलं नाही ते असं.

माघात त्यांना सरकारी दवाखान्यात हलवलं. दाराशी एक पोलीस बसवला होता. चांगला होता बिचारा, तोच पाणी आणून द्यायचा. अण्णा गेले तेव्हा मी चहा आणायला खाली गेलो होतो. वर आलो तर तो पोलीस टोपी काढून उभा होता.

तू दहाव्याला आलास. पिंडाला कावळा लवकर शिवला, सगळे म्हणाले, म्हातारा समाधानी गेला. तू संध्याकाळच्या आत परत गेलास. त्याबद्दल मी कधी बोललो नाही, आजही बोलत नाही.

आता भाषणातली पुढची गोष्ट. हसणं थांबल्यावर तू लोकांना कायदा समजावून सांगितलास. म्हणालास, कायद्यात गांजा म्हणजे फक्त झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. मूळ, खोड, माती गांजा नाही. शेंड्यांपासून वेगळी केलेली नुसती पानंही गांजा नाहीत. पोलीस अख्खं झाड ओलं मोजतात आणि वजन वाढवतात. या एका मुद्द्यावर कितीतरी लोकांना हायकोर्टातून जामीन मिळाला आहे. "त्या शेतकऱ्याच्या वकिलाला एवढं एक वाक्य माहीत असतं, तर ते घरी मेले असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ते वाक्य मी कागदावर उतरवून घेतलं आणि आपल्या वकिलांकडं नेलं. त्यांनी पुस्तक काढलं, चष्मा बदलला, वाचलं.  मग म्हणाले, "हो. आहे असं. मला कुणी सांगितलं असतं तर." त्यांना मी काय बोलू? त्यांचं काम बांधाचं. तू पुण्यात पाच वर्षं कायदा शिकलास. अण्णांनी बैलजोडी विकून तुझी पहिली फी भरली, असं मी म्हणणार नाही, कारण तसं झालं नाही. अण्णांनी नीट नियोजन करून तुला शिकवलं. तू संस्थेत हेच काम करतोस. ते वाक्य तुला तेव्हाही माहीत होतं. फोनवर सांगायला किती वेळ लागला असता? वकिलांना निनावी चिठ्ठी पाठवली असतीस तरी चाललं असतं. पण वकिलाशी बोललास तर वकील विचारील, तुम्ही कोण, बी कुठून आलं. एवढ्यासाठी तू बोलला नाहीस. माझा अंदाज चुकत असेल तर मला सांग.

मी कायद्याच्या विरोधात नाही आणि बाजूनंही नाही, असं पूर्वी म्हणायचो. आता मला वाटतं तुझं म्हणणं बरोबर आहे. हा कायदा बदलायला हवा. जत्रेत चिलीम ओढणाऱ्याला कुणी हात लावत नाही, तुझ्या मित्रांना कुणी हात लावला नाही, आणि सुपारी न खाणारा माणूस आत गेला. आपल्या शाळेमागं पोरं बसतात त्यांचं काय करायचं, ते मला कळत नाही. ते तुम्ही शिकलेले लोक ठरवा. पण कायदा चुकीचा आहे हे मला तुझ्या भाषणानं पटलेलं नाही. त्या कांद्याच्या काट्यापाशी पटलं.

आता आईचं. तिनं स्टेजवर बसावं, अण्णांची पत्नी म्हणून दोन शब्द बोलावेत, असं तू म्हणालास. मी आईला विचारलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "जाऊ की. तितं त्यो सांगंल ना, बी म्याच दिलं हुतं म्हून? समद्या लोकांम्होरं सांगंल ना? मंग येते मी. गावात मला मान वर करून चालाय येईल." दोन दिवस ती त्याच आनंदात होती. नवं लुगडं काढून उन्हाला टाकलं. "आमचा हर्षल पुण्यात समदं खरं सांगनार हाय," असं दिशाच्या आजीलाही सांगून आली.

मी तुला ते कळवलं. तू म्हणालास, "दादा, ते नाही सांगता येणार. अण्णा गेले म्हणून त्यांच्यावरची केस संपली, पण बी कुणी दिलं यावर पोलीस कधीही तपास उघडू शकतात. चळवळीचं नुकसान होईल. आईला सांग, वडील म्हणून उल्लेख करतो, तेवढं पुरे."

मी अजून आईला हे सांगितलेलं नाही. लुगडं तिनं घडी करून उशाशी ठेवलं आहे.

इथंच थांबणार होतो. एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवून बसलो होतो. पण न लिहिता पाकीट बंद केलं तर पुन्हा मी हं हं केल्यासारखं होईल.

त्या वर्षी गणपतीच्या सुमारास तू अण्णांना फोन केला होतास. अण्णा बांधावर होते, मी शेजारी तुरीत होतो. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवायचे. तू म्हणालास, "अण्णा, आता नर झाडं ओळखून उपटून टाका. फक्त मादी ठेवा." कशी ओळखायची तेही सांगितलंस. अण्णांनी प्रत्येक झाड वाकून पाहिलं आणि नर उपटले. मला म्हणाले, "पपईगत हाय रं हे." मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

भाषणाच्या शेवटी कुणीतरी तुला विचारतं, तेला-कापडाची भांग आणि नशेचा गांजा यात शेतात फरक काय. तू हसत म्हणतोस, "सोपं आहे. कापडवाला नर उपटत बसत नाही. नर उपटणारा माणूस फुलासाठीच लावतो, नशेसाठीच."

मी ते पुन्हा पुन्हा मागं नेऊन ऐकलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय.

म्हणजे तुला फसवून कुणी ते बी दिलं नव्हतं. तुला माहीत होतं. अण्णा परवान्याची वाट बघत होते आणि तू फुलाची वाट बघत होतास. कुणासाठी, तुझ्या मित्रांसाठी की आणखी कुणासाठी, ते मला माहीत नाही आणि ऐकायचंही नाही.

अण्णा जेलमध्ये तुझं नाव घेऊ नको म्हणाले, तेव्हा त्यांना वाटत होतं की पोराचा अंदाज चुकला, कायदा यायला उशीर झाला. चुकलेल्या पोराला त्यांनी वाचवलं. ते तसं समजून गेले हे बरं झालं. आईही अजून तसंच समजते. तिला मी काही सांगणार नाही. मोबाईलवरचं ते भाषण तिला पुन्हा दाखवू नकोस असं दिशाला सांगून ठेवलं आहे.

पोलिसांकडंही मी जाणार नाही. अण्णांनी मला नको म्हटलं होतं, तो शब्द मी पाळणार. तुझ्यासाठी नव्हे.

फोटो पाठवणार नाही. तो देव्हाऱ्याशेजारी आहे, तिथंच राहील. आई पुण्याला येणार नाही. मला का नेलं नाहीस असं तिनं विचारलं तर मी म्हणेन की माझी रजा मंजूर झाली नाही. आई माझ्यावर रुसेल, ते मला चालेल. अष्टमीला कॅमेरावाला आणू नकोस. आणलास तर मी त्याला मांडवाच्या बाहेर उभा करीन, आणि मी असं करू शकतो हे तुला माहीत नसेल.

तू स्वतः यायचं की नाही ते तू ठरव. यायचं असेल तर दोन प्रकारे येता येईल. आदल्या रात्री ये, आईजवळ बस, आणि पुडीपासून फुलापर्यंत सगळं तुझ्या तोंडानं सांग. ती काय म्हणेल मला सांगता येत नाही. कदाचित जेवायला वाढील. मग सकाळी माझ्या शेजारी पाटावर बस, अण्णांचा धाकटा म्हणून.

ते जमणार नसेल तर दुपारी ये. ओळखीतल्या माणसाच्या वर्षश्राद्धाला लोक येतात तसं. मांडवात बस, फोटोला फूल वाहा, जेव आणि ऊन उतरायच्या आत निघ. वहिनी तुला पंगतीत बाकीच्यांसारखंच वाढील. पाटावर मी एकटा असेन.

प्रकृतीला जप. पुण्यात थंडी असेल.

तुझ्या ओळखीतल्या त्या शेतकऱ्याचा मुलगा,
गोरक्षनाथ